विकतची संजा आणि फुकटचा सल्ला

भाद्रपद पौर्णिमा जवळ आली की माळव्याच्या बाजारात छापील संजा, म्हणजे मुली भिंतीवर शेणाने काढतात त्या आकृत्यांची नक्कल, टांगलेली दिसू लागते. चकचकीत कागद, त्यावर चंद्र, सूर्य, मोर, बैलगाडी, डोकरा-डोकरी, किलाकोट असं सगळं एकाच चौकटीत, भडक रंगांत छापलेलं. घरी न्यायची, भिंतीला चिकटवायची, उदबत्ती लावायची, झालं. पितृपक्ष सरला की थोड्याच दिवसांत त्याच दोरीवर प्लास्टिकचे आकाशकंदील चढतात. आणि मग महूतल्या आमच्या मराठी घरांत दरवर्षीचा वाद सुरू होतो. इतकं सुबक, तयार मिळत असताना शेण कालवा, कामट्या तासा, खळ शिजवा, हे उपद्व्याप सांगितलेत कुणी?

हा प्रश्न विचारणारी माणसं परकी नाहीत, घरातली, नात्यातलीच आहेत. शिकलेली आहेत, कामाच्या रगाड्यातली आहेत, आणि त्यांचा प्रश्न मुळीच खुळचट नाही. खुळचट आहेत ती आपली, म्हणजे सजावट घरीच करावी असा आग्रह धरणाऱ्यांची, आजवरची उत्तरं. म्हणून आधी आपल्याच माणसांचा समाचार घेते.

पहिलं उत्तर, घरी केलेलं स्वस्त पडतं. साफ खोटं. कामट्या, पतंगी कागद, दोरा, खळीला मैदा, होल्डर, वायर, वर दोन माणसांची एक अख्खी संध्याकाळ. मजुरी धरली तर बाजारातला कंदील कितीतरी स्वस्त. कारखान्याशी भावात टक्कर घ्यायला निघालेला माणूस हरणारच, आणि हरला की त्याचा सगळा मुद्दाच निकालात निघतो.

दुसरं उत्तर पर्यावरणाचं. हे ऐकायला भारदस्त वाटतं. पण थर्माकोलचं मखर आठवा जरा. ते घरोघरी हातानेच व्हायचं. तापवलेल्या तारेने खांब कापायचे, ब्लेडने जाळी कोरायची, वर चमकी, आणि तो पांढरा भुगा दिवाळीच्या साफसफाईपर्यंत पलंगाखाली सापडत राहायचा. त्याहून हातचं काम कोणतं, आणि त्याहून चिवट कचरा तरी कोणता? महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला, आणि निदान कायद्यापुरता तरी तो प्रश्न सुटला. तो सुटला सरकारी अधिसूचनेने, आपल्या हौसेने नव्हे. मुंबईत नानासाहेब शेंडकरांनी पुठ्ठ्याची मखरं बनवून लोकांना थर्माकोलपासून सोडवायचा उद्योग कितीतरी आधी आरंभला होता, आणि ती मखरं विकतचीच होती. तेव्हा हातचं ते निर्मळ आणि विकतचं ते मळकट, हा हिशेब काही जुळत नाही.

तिसरं उत्तर संस्कारांचं. हा शब्द आला की समोरचा माणूस घड्याळाकडे बघू लागतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

आता संजा म्हणजे काय ते बघू. महाराष्ट्रातल्या वाचकाला भोंडला ठाऊक असतो, खानदेश-वऱ्हाडातल्या वाचकाला भुलाबाई, गुलाबाई. संजा ही त्यांची माळव्यातली बहीण. भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत रोज संध्याकाळी मुली भिंतीचा एक चौकोन शेणाने सारवतात, ओल्या शेणाच्या वळ्यांनी त्यावर आकृती काढतात, आणि तिच्यावर फुलांच्या पाकळ्या दाबून बसवतात. चंद्र आणि सूर्य वरच्या कोपऱ्यांत रोज असतात. मधली आकृती रोज वेगळी. पंचमीला पाच कुंवारे, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा-म्हातारी. गावागणिक यात थोडा फरक पडतो. शेवटच्या दिवसांत किलाकोट येतो. तट, दरवाजे, आणि आत पंधरवड्यात काढलेलं बहुतेक सगळं. मग गाणी, आरती, आणि भोंडल्यात खिरापत ओळखायला लावतात तसा झाकलेला प्रसाद ओळखण्याचा खेळ. दुसऱ्या दिवशी कालची आकृती खरवडून काढायची, जपून ठेवायची, आणि भिंत पुन्हा सारवायची. शेवटी सगळं खरवडलेलं शेण पाण्यात सोडून द्यायचं.

छापील कागदावर काय असतं? सगळं एकाच चौकटीत, म्हणजे किलाकोटच. म्हणजे जिथे पंधरवड्याने पोचायचं तिथे कागद पहिल्याच दिवशी नेऊन ठेवतो. पौर्णिमेला सगळं झालेलं असतं आणि उरलेल्या संध्याकाळी रिकाम्या. चित्र तेच आहे ना, मग फरक काय, असं विचारणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. चित्र तेच आहे, हे कबूल. पण संजाच्या रचनेत चित्राला किंमत किती आहे? काल केलेलं आज खरवडायचं, असा नियमच आहे. सोळा दिवसांच्या शेवटी हाती उरतं ते टोपलीभर वाळकं शेण, आणि तेही आपण पाण्यात सोडतो. ज्या खेळात शेवटी काही उरू नये असं मुद्दाम ठरवलेलं आहे, त्याला तयार माल हा पर्याय कसा असेल?

आणि हा क्रम उगीच नाही. शेणाची वळी तळहातावर वळायची, ती मध्येच तुटता कामा नये, भिंतीवर टेकवताना जाड-बारीक होता कामा नये. भाद्रपदातली हवा दमट, शेण पातळ झालं तर आकृती रात्रीतून घसरते आणि सकाळी जमिनीवर पोपडे सापडतात. पहिले काही दिवस सोप्या आकृतींचे, सरळ रेघा, गोल, ठिपके. सातियाला काटकोन जमावे लागतात. आठ पाकळ्यांना मधून मोजून भाग पाडावे लागतात, नाहीतर शेवटची पाकळी मावत नाही आणि मोठ्या बहिणी हसतात. डोकरा-डोकरीत माणूस येतो. मग कुठे दरवाजा आणि बैलगाडी. ज्या पोरीला पौर्णिमेला नुसता गोळा थापता येत होता, ती अमावास्येला तट उभा करते. तिला कुणी शिकवायला बसलेलं नसतं. वरच्या वर्गातली मुलगी शेजारी बसून तेच करत असते, एवढंच. तेरड्याच्या कुठल्या रंगाची पाकळी कुठे शोभते यावरून भांडणं होतात, त्या भांडणांत रंग शिकले जातात.

फ्लॅटमध्ये शेण आणि भिंत कुठून आणायची, हा आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर मुलींनी कधीच शोधलंय. जुन्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या तुकड्यावर संजा होते आणि गॅलरीत उभी राहते. शेणाची घाण वाटते, यावर मात्र माझ्याकडे सभ्य उत्तर नाही. इंदूर 2017 ते 2023 सलग सात वेळा देशातलं सर्वात स्वच्छ शहर ठरलं, त्याचा अभिमान शेजारच्या आम्हा महूकरांनाही आहे. पण कचऱ्याचे सहा डबे वेगळे करणाऱ्या घराला पाण्यात विरघळणाऱ्या शेणाची शिसारी यावी आणि प्लास्टिक कोटिंगच्या चित्राची येऊ नये, हे कुठलं गणित?

कंदिलाचं प्रकरण वेगळं, आणि महूपुरतं जास्त जवळचं. महिदपूरच्या लढाईनंतर, जानेवारी 1818 च्या मंदसौरच्या तहाने होळकरांच्या मुलखात इंग्रजांची छावणी आली, तीच महू. छावणीबरोबर मुंबई इलाख्याच्या फौजेतली मराठी माणसं आली, कारकून आले, शिक्षक आले. इंदुरात होळकरांमुळे मराठी माणूस आधीपासून होताच. सुभेदार रामजी सकपाळ इथल्याच लष्करी शाळेत शिकवत होते तेव्हा, 14 एप्रिल 1891 रोजी, इथे बाबासाहेबांचा जन्म झाला. 2003 पासून गावाचं अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर आहे, बोलण्यात मात्र महूच. अशा गावात माहीमसारखी कंदील गल्ली नव्हती. आकाशकंदील हवा तर तो करावाच लागे.

कसा? सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या. चार-चार कामट्या दोऱ्याने बांधून सहा चौकोन. मग चार चौकोन टोकावर उभे करून कोपऱ्याला कोपरा जोडायचा, एक वर, एक खाली. बारा गाठी. चौकोनांच्या मध्ये आपोआप आठ त्रिकोण तयार होतात, ते कुणी बनवलेले नसतात. इथवर आलेला सांगाडा हातात धरला तर लटपटतो, दाबला तर चौकोनांचे शंकरपाळे होतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की आपलं चुकलं. चुकलेलं नसतं. पतंगी कागद खळीने चिकटवला, वाळला, ताणला गेला, की तोच सांगाडा टणक होतो. कागद तिथे शोभेला नसून आधाराला असतो, आणि हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. मग करंज्या, झिरमिळ्या, आणि आत बल्ब. कारखान्यातून आलेला कंदील घडी उघडली की तयार, मिटला की पेटीत, पुढच्या वर्षी पुन्हा तोच. तो टिकतो. घरचा टिकत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा बांधावा लागतो. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण. दरवर्षी नव्याने करावं लागतं म्हणून दरवर्षी कुणीतरी गाठ कशी मारायची ते विचारतं, आणि कुणीतरी सांगतं. टिकाऊ वस्तू घरात आली की हे विचारणं-सांगणं एका पिढीत संपतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. हे सगळं शेवटी बायकांच्याच गळ्यात पडतं. दिवाळीत साफसफाई बाईची, फराळ बाईचा, पाहुणे बाईचे, आणि वर तुमची ही हस्तकला. मी स्वतः हे सगळं केलेली बाई आहे, त्यामुळे या आक्षेपापुढे मान डोलवायला मला काहीच अडचण नाही. चकल्या विकत आणा. अनारसे तर आणाच. मी आणते, आणि मला त्याचा कणभर अपराध वाटत नाही. पण कंदील कुणाचं काम होतं ते आठवा. बहुतेक मराठी घरांत तो बाबांचा, काकांचा, दादाचा प्रांत होता. ओट्यावर कामट्या पसरून, कुणी मध्ये आलं तर खेकसत, ते बसलेले असायचे. मातीचा किल्लाही पोरांचाच. सणाच्या कामातला जो थोडका वाटा पुरुषांकडे होता, तोच तर हा. तयार कंदील आला आणि बाजाराने सुट्टी दिली ती त्यांना. फराळाच्या बाबतीत अशी सुट्टी घेताना बाईला अजूनही चार टोमणे ऐकावे लागतात, कंदिलाच्या बाबतीत दादाला एकही नाही. तेव्हा बाईचा कैवार घेऊन कंदील विकत आणायला सांगणाऱ्यांनी आधी सांगावं, त्या वाचलेल्या संध्याकाळी दादा काय करतो?

कारागिराच्या पोटाचा मुद्दा निघतो तेव्हा मला आवाज थोडा चढवावासा वाटतो. तुम्ही घरी कराल तर गरिबाने काय खायचं, असा सवाल. कुठला गरीब? प्लास्टिकचा कंदील साच्यातून निघतो, दूरच्या कारखान्यातून खोक्यात येतो, आणि विकणाऱ्याला वरचे चार पैसे मिळतात. याउलट घरी करणारा माणूस कामट्या बसोडाकडून घेतो. महाराष्ट्रात ज्यांना बुरूड म्हणतात ती बांबूचं काम करणारी माणसं इकडे बसोड. कागद पतंगवाल्याकडून घेतो. म्हणजे गावातल्या दोन माणसांचं गिऱ्हाईक घरी करणाराच आहे. सूप-टोपल्यांच्या जागी प्लास्टिक आल्यापासून बांबूवाल्याकडे फिरकतं कोण? माहीमच्या गल्लीत बांबू-कागदाचा कंदील हाताने करणाऱ्याकडून विकत घेतलात, तर माझा काहीच आक्षेप नाही. उलट आपण एकाच पक्षातले.

राहिला तो सर्वात खोचक आक्षेप. घरची सजावट हे फुरसत असलेल्या, सुखवस्तू, वरच्या घरांचं कौतुक आहे; कष्टकऱ्याला असले चोचले परवडत नाहीत. हे जो म्हणतो त्याने इंदुरात अनंत चतुर्दशीची रात्र पाहिलेली नाही. कापड गिरण्यांच्या कामगारांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात झाक्यांची मिरवणूक सुरू केली. हलती चित्रं, दिवे, पुराणातले देखावे, सगळं हाताने केलेलं. गिरण्या बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली, आणि तिच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा निकाल लागायला डिसेंबर 2023 उजाडला. सुमारे 4800 कामगार, 224 कोटी रुपये. तोवर कितीतरी जण वारले होते. पण त्या बत्तीस वर्षांत हुकुमचंद मिलची झाकी निघतच राहिली. वर्गणी मागून, मदत मागून. पगार थांबलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं बांबू बांधले, कागद चिकटवले. याला फुरसतीचे चोचले म्हणायचं असेल तर तसं त्या कामगारांच्या समोर उभं राहून म्हणावं.

आणि महूत ही कला कुठल्या एका घराण्याची किंवा धर्माची कधी नव्हतीच. दिवाळीच्या कंदिलाचा बांबू आणि पतंगी कागद नाताळच्या चांदणीला लागतो. छावणीतल्या चर्चमुळे ती चांदणी आमच्या गल्लीला परकी नाही. तोच बांबू, पन्नीसह, मोहरमच्या ताजियाला लागतो. इंदुरात तर होळकरांच्या काळापासून सरकारी ताजिया निघतो. तोच कागद निळा होऊन एप्रिलमध्ये पताकांना लागतो. 14 एप्रिलला भीम जन्मभूमीच्या संगमरवरी स्तूपाकडे महाराष्ट्रातून लोकांचे लोंढे येतात, तेव्हा डोक्यावर फडफडणाऱ्या कागदी पताका पोरांनीच दोऱ्याला चिकटवलेल्या असतात. त्रिकोण कापायचा, वरची कड दोऱ्यावर दुमडायची, खळीचं बोट फिरवायचं. कंदिलाच्या झिरमिळ्या ज्या बोटांनी लावल्या त्याच बोटांना हे जमतं. यात सुखवस्तूपणा कुठे शोधायचा?

जगातलं एक उदाहरण देते, कारण आमच्याकडे बाहेरचं प्रमाणपत्र लागतं. जर्मनीत हेर्नहूट नावाचं गाव आहे, तिथल्या मोरेवियन पंथाची कागदी चांदणी आता जगभर नाताळला लागते. तिचा जन्म 1830 च्या दशकात नीस्की इथल्या शाळेत झाला, आणि तो भूमितीच्या तासाला. त्या शाळेत धर्मप्रसारकांची मुलं राहायची, आईबाप सातासमुद्रापार. मुलं दरवर्षी कागदाचे शंकू कापून ती बांधत, आणि घरी गेली की तिथेही बांधत. पुढे कारखाना निघाला. पण तो कारखाना आजही कागदाची चांदणी सुट्या शंकूंच्या रूपात विकतो, आणि नाताळाआधी घरोघरी लोक बसून ती जोडतात. म्हणजे विकत घेणं आणि हाताने करणं यांचं वैर असायलाच हवं असं नाही. विकणाऱ्याने एक गाठ तरी घेणाऱ्यासाठी शिल्लक ठेवली म्हणजे पुरे. आपल्याकडचा कंदिलाचा व्यापारी ती एक गाठही ठेवायला तयार नाही. तो सगळं करून देतो, आणि आपण त्याला सोय म्हणतो.

शेवटी शाळांशी भांडायचंय. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळा हाताने केलेला कंदील करून आणायला सांगतात, त्याला गुण असतात. परिणाम ठरलेला. रात्री अकरा वाजता आई कात्री घेऊन बसलेली, मूल झोपलेलं, आणि सकाळी वर्गात चाळीस आयांचे कंदील. ज्यांच्या आयांना वेळ नाही ते बाजारातून आणतात आणि किमतीची चिठ्ठी खरवडून काढतात. घरच्या सजावटीबद्दल तरुण आयांच्या मनात जी अढी बसली आहे, तिचं मूळ बाजारात कमी आणि या गृहपाठात जास्त आहे. आणि या बाबतीत त्या संपूर्ण बरोबर आहेत.

शाळांना माझं मागणं सोपं आहे. गुण बंद करा. बसोडाकडून कामट्यांची मोळी आणा, खळीचं एक पातेलं चढवा, शनिवारचे सलग दोन तास द्या, आणि आयांना फाटकाबाहेर ठेवा. चार मुलांत एक कंदील पुरे. कोपऱ्याला कोपरा जोडताना एकाने धरावं लागतं आणि दुसऱ्याने बांधावं लागतं, हे त्यांना आपोआप कळेल. वाकडे होतील ते वाकडेच टांगा. कुणाला पुढच्या वर्षी नीट करावासा वाटला तर कामट्या कुठे मिळतात ते त्याला ठाऊक असेल.